दोन नंबरच्या खोलीतली अकरा अंडी

थंडोबाला आयुष्यभर एकाच गोष्टीचा धसका होता, तापमानाचा काटा वर सरकण्याचा. थंडोबा हे नाव हमालांनी ठेवलेलं, पण ते असं चिकटलं की बाजारात त्याच्या बायकोलाही लोक ‘थंडोबांच्या घरच्या’ म्हणूनच ओळखायचे. तो शीतगृहात मशीन ऑपरेटर होता. जाड भिंतींच्या पाच खोल्या, पुढे लांब व्हरांडा आणि मागे धडधडणारी दोन यंत्रं, एवढाच त्याचा मुलूख. एक नंबरच्या खोलीत फळं, दोन आणि तीनमध्ये बियाण्याचे बटाटे, चारमध्ये व्यापाऱ्यांचा किरकोळ माल. पाच नंबर बहुतेक वेळा दुरुस्तीत. दर तासाला प्रत्येक खोलीचं तापमान बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं. एकतीस वर्षं त्याने हे केलं आणि आपल्या पाळीतल्या एकाही तासाचा रकाना कोरा सोडला नाही.

भर उन्हाळ्यातही त्याच्या खांद्यावर लोकरीचा राखाडी स्वेटर असायचा. हात तर कायमचे गार. इमारतीत कुणाला ताप आला की आधी थंडोबाला हाक जायची आणि मग डॉक्टरला. त्याचा तळवा कपाळावर ठेवला की पोरं रडायची थांबत.

कारखान्यात, म्हणजे त्या शीतगृहात, त्याचा एक किस्सा नव्या माणसाला हटकून सांगितला जायचा. एकदा वीज गेली ती अकरा तास आलीच नाही. मालक घाबरून धावत आला आणि म्हणाला, “दार उघड, माल बघू दे.” थंडोबाने दोन नंबरच्या दारासमोर स्टूल टाकलं आणि त्यावर बसकण मारली. “दार उघडलं की गेलं,” एवढंच म्हणाला. मालकाने आरडाओरडा केला, नोकरीवरून काढण्याची धमकी दिली. थंडोबा हलला नाही. वीज आल्यावर दार उघडलं तेव्हा काटा जेमतेम तीन डिग्रीने चढला होता. एक बटाटाही वाया गेला नाही. मालकाने त्याला शाबासकी दिली नाही, पण त्यानंतर त्याच्यावर आवाज चढवणंही सोडून दिलं.

असा हा माणूस तीन आठवडे एका लाकडी पेटीपुढे चोरासारखा वावरला, त्याची ही हकीकत.

थंडोबाला एक मोठी बहीण होती, आक्का. त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. आईमागे घरात एक शिवणयंत्र, एक पत्र्याची ट्रंक आणि एक ठिपक्याठिपक्यांची कोंबडी उरली. सोळा वर्षांच्या आक्काने शिवणयंत्रावर भावाला वाढवलं, लग्न केलं नाही, आणि कोंबडीचा वंश चालू ठेवला. दरवेळच्या पिल्लांतली एक ठिपक्यांची मादी ती ठेवून घ्यायची, बाकीची देऊन टाकायची. ठेवलेल्या प्रत्येकीचं नाव ठिपकीच. एक गेली की दुसरी ठिपकी. आतापर्यंत किती झाल्या ते तिलाही सांगता आलं नसतं. पण ती म्हणायची, “आईच्या हातचा दाणा खाल्लेलं रक्त आहे हे.” गावाच्या टोकाला, परसातल्या खुराड्याजवळ तिचं सगळं आयुष्य गेलं.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका संध्याकाळी खुराड्याचं दार लावायला म्हणून आक्का बाहेर गेली आणि पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शेजारीपाजाऱ्यांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत खुराड्याचं दार उघडंच राहिलं. सकाळी परसात नुसती पिसं होती. मुंगूस असावं.

ऑपरेशनआधी आक्काने भावाला जवळ बोलावलं. तेव्हा तिला कोंबड्यांचं काही कळलेलं नव्हतं.

“स्वयंपाकघरात टोपलीत अकरा अंडी आहेत. ठिपकीची. ती खुडूक होऊन उबवायला बसायच्या बेतात होती, म्हणून साठवत होते. सांभाळशील?”

“सांभाळतो. तू काळजी करू नकोस.”

इथे थंडोबाने जे केलं ते त्याच्या जागी दुसऱ्या कुणी केलं नसतं. आक्काचं घर बंद, खिडक्या बंद, आत भट्टी तापलेली. त्याचं स्वतःचं घरही दुसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या खाली. जपायची वस्तू उकाड्यात ठेवायची नाही, हे एकतीस वर्षं त्याच्या अंगात मुरलेलं. आणि ही तर जिवंत वस्तू. जिवंत वस्तू कुठे टिकते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दोन नंबरच्या खोलीतले बियाण्याचे बटाटे पाच-पाच महिने तीन डिग्रीत झोपतात आणि बाहेर काढले की शेतात कोंब धरतात. त्याने टोपली भुशात नीट बसवली, वर कापड घातलं आणि दोन नंबरमध्ये मधल्या फळीवर ठेवली. जिथे पंख्याचा वारा थेट लागत नाही अशी ती सर्वांत चांगली जागा होती. दिवसातून चारदा तो ती बघून यायचा. सहा दिवस.

तिसऱ्या दिवशी आक्काला ठिपकी गेल्याचं सांगावं लागलं.  तिने एवढंच विचारलं, “अंडी?”

“आहेत. अगदी सुरक्षित आहेत,” थंडोबा म्हणाला आणि त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

आक्काला दवाखान्यातून थंडोबाने आणि बायकोने आपल्याच घरी आणलं. खालच्या मजल्यावर एक मास्तर राहत, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. शाळेने टाकून दिलेली अंडी उबवायची पेटी त्यांनी दुरुस्त करून घरी ठेवली होती. प्लायवूडची पेटी, वर काचेचं झाकण, आत दोन दिवे, एक छोटा पंखा, जाळीखाली पाण्याचं ताट. ठिपकीची गोष्ट कानावर गेली तशी ते पेटी घेऊन स्वतः वर आले.

“खुडूक कोंबडी नसली तरी बिघडत नाही,” मास्तर म्हणाले. “साडेसदतीस डिग्री, एकवीस दिवस. आक्का, तुमची ठिपकी परत आणून दाखवतो.”

आक्काने वॉकरवर रेलून पडल्यापासून पहिल्यांदाच हसून बघितलं. थंडोबा त्याच दिवशी कामावरून येताना टोपली घेऊन आला. अंडी रात्रभर खोलीत ठेवून दुसऱ्या दिवशी मास्तर एकेक उचलून पेन्सिलने खुणा करू लागले, एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल.

“रोज तीनदा फिरवायची. सकाळी फुली वर तर दुपारी गोल वर, असं आलटून-पालटून. आणि काय हो थंडोबा, फ्रिजमध्ये तर नव्हती ना ठेवली? काही लोक करतात हा शहाणपणा. थंडीने आतला जीव मरतो. मग दिवे लावून काय, आरती ओवाळली तरी उपयोग नाही.”

थंडोबाच्या हातातलं अंडं हातातच राहिलं.

“छे, फ्रिजमध्ये कशाला ठेवू?” तो म्हणाला.

शब्दाला शब्द लावला तर ते खोटं नव्हतं. पण एक गोष्ट अक्षरशः खरी बोलून माणूस किती मोठं खोटं बोलू शकतो, हे त्याला त्या क्षणी कळलं. बायकोने त्याच्याकडे बघितलं. तिला टोपली कुठे होती ते माहीत होतं. ती चहा ठेवायला आत गेली.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने भांडी घासता घासता विचारलं, “सांगणार कधी?”

“काय सांगू? तिला तिथे खुर्चीत बसलेली बघ ना.”

आक्का खरंच पेटीसमोर खुर्ची ओढून बसली होती. आतल्या दिव्याचा पिवळा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. ती अंड्यांशी बोलत होती.

“सगळी मेलेलीच असतील असं थोडंच आहे,” थंडोबा म्हणाला. “एखादं तरी...”

“म्हणजे आक्कांना सांगायचं ते एखादं निघेपर्यंत नाही.”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

तो पेटीचा काटा बघायला उठला.

पेटी आल्यापासून त्याचं आयुष्य उलटं झालं. कामावर काटा वर गेला की जीव वर-खाली व्हायचा, घरी खाली आला की. सकाळी उठून चष्मा लावायच्या आधी तो पेटीचा थर्मामीटर बघायचा. साडेसदतीस. दात घासून पुन्हा. सदतीस पॉइंट चार.  भिंतीवर त्याने कागद चिकटवला आणि शीतगृहातल्यासारखे रकाने आखले. दुपारची फेरी बायकोकडे होती. ती अंडी फिरवायची आणि रकान्यात बरोबरची खूण करायची. हा तिला फोन करून विचारायचा, “फुली वर ना?”

“नाही हो, माझं डोकं वर. ठेवा फोन.”

कामावर बातमी पोचायला वेळ लागला नाही. हमालांचा मुकादम तोंडाचा फटकळ होता.

“काय ऑपरेटर, बाळंतपण काढताय म्हणे! आम्हाला एकतीस वर्षं गारठवलंत आणि आता ऊब द्यायला निघालात?”

“तुला काय करायचंय?”

“मला काही नाही. पिल्लं निघाली की त्यांनाही स्वेटर विणून घाला म्हणजे झालं.”

हमाल खो खो हसले. थंडोबाही हसला, पण त्याचं लक्ष दोन नंबरच्या दाराकडे होतं. मधली फळी आता रिकामी होती. तो दार उघडून आत गेला की तिच्याकडे बघायचं टाळायचा.

सातव्या दिवशी मास्तर अंडी तपासायला आले. न्हाणीघराची खिडकी पुठ्ठ्याने बंद केली, मोबाइलच्या टॉर्चवर कागदाची नळी बसवली आणि एकेक अंडं त्यावर धरलं. आक्का दारात खुर्चीवर, बायको तिच्यामागे. थंडोबा अंडी आणून देत होता. पहिलं अंडं आतून नुसतं पिवळं, स्वच्छ. दुसरंही. तिसऱ्यात लाल रेघांचं जाळं दिसलं, मधोमध एक काळा ठिपका, आणि तो हलला.

“बघा, बघा!” मास्तर ओरडले. “जीव आहे!”

आक्काने तोंडावर पदर धरला. थंडोबाने भिंतीला हात टेकला. शेवटी हिशेब असा निघाला, पाच कोरी, एकात रक्ताची नुसती कडी, म्हणजे सुरू होऊन थांबलेलं, आणि पाचांत जाळं.

“पाच कोरी म्हणजे जरा जास्तच,” मास्तर हनुवटी खाजवत म्हणाले. “जुनी होती म्हणावं, तर तेवढी जुनी नाहीत. थंडोबा, घरात ठेवली होती ना?”

“हां. ठेवलेलीच होती.”

“वाटेत धक्के बसले असतील,” आक्का म्हणाली. “तो बिचारा किती ठिकाणी धावत होता त्या दिवसांत. मी पडलेली, वर ही अंडी. त्याने सांभाळली हेच खूप.”

थंडोबाला वाटलं, हिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून त्याला सांगायचं होतं आणि त्या दिवसापासून ते जास्तच अवघड झालं. सकाळी ठरवायचा, आज. आक्का विचारायची, “चहा घेतलास का रे?” आणि त्याचा आज निघून जायचा. चौदाव्या दिवशी पुन्हा तपासलं तेव्हा पाचांतलं एक काळं, निश्चल झालेलं होतं. चार उरली. आक्का म्हणाली, “चार पुष्कळ झाली. एक मादी निघाली तरी पुरे.” आणि चारांकडे अशी बघू लागली की थंडोबाला जेवण जाईना.

सोळाव्या दिवशी दुपारी इमारतीची वीज गेली. तो नेमका घरी होता. बायको झाकण उघडून गरम पाण्याची बाटली आत ठेवायला निघाली.

“हात लावू नकोस!” तो असा ओरडला की ती दचकली. त्याने अंगावरचा राखाडी स्वेटर काढला, पेटीला गुंडाळला, वर दोन चादरी टाकल्या आणि समोर पाटावर बसून राहिला. पावणेदोन तास. वीज आली तेव्हा काटा पस्तीसावर होता. आक्का म्हणाली, “एवढा जीव लावलाय हो याने.” बायको गरम पाण्याची बाटली घेऊन आत गेली.

अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद. बाजूच्या भोकातून ताटात जास्त पाणी सोडायचं आणि झाकण अजिबात उघडायचं नाही. “उघडलंत तर आतली दमट हवा जाते,” मास्तरांनी बजावलं. “पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो. मग ते आतल्या आत अडकून मरतं.” एवढी एक गोष्ट थंडोबाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात तीन नंबरमधून बियाण्याच्या बटाट्यांची पोती निघत होती. थंडोबाने मुकादमाला सहज विचारल्यासारखं विचारलं, “हा माल इथून गेला की शेतकरी लगेच लावतो का रे?”

“लगेच कसा लावेल? आठ-दहा दिवस सावलीत पसरतो. गारठ्यातून आलेला बटाटा सुस्त असतो. उठायला वेळ घेतो. मग डोळे फुटतात. घाई केली तर कुजतो.” मुकादमाने त्याच्याकडे निरखून बघितलं. “का हो? एकतीस वर्षांनी हे मला विचारताय?”

“असंच.”

पण ते वाक्य तो घरापर्यंत घेऊन गेला. उठायला वेळ घेतो.

एकविसावा दिवस उजाडला आणि मावळला. काचेला कान लावून लावून आक्काच्या कानावर वळ उठला. काही नाही. ना टोचा, ना आवाज. चार अंडी चार दगडांसारखी पडून राहिली.

बाविसाव्या दिवशी सकाळी मास्तर आले. त्यांनी पेटीवर वाकून बघितलं, घड्याळ बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आक्का, एकवीस म्हणजे एकवीस. कोंबडीचं पोट कॅलेंडर बघत नाही, पण अंडं बघतं. आता ठेवली तर आत सडतील. एखादं फुटलं तर घरात बसवणार नाही.”

आक्काने मान हलवली. मग वॉकर धरून उठली.

“बरोबर आहे. आशा लावून तरी किती बसायचं. मास्तर, तुम्ही खूप केलंत.” आणि भावाकडे वळून म्हणाली, “तूही केलंस रे. तुझ्या हातून काही कमी पडलं नाही.” तिने भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

“आक्का, थांब.”

“कशाला थांबू?”

“बंद करू नकोस. त्यांना उशीर होणारच आहे.”

“का होणार?”

बायको दारात येऊन उभी राहिली होती. थंडोबाने तिच्याकडे बघितलं नाही. तो पेटीकडे बघून बोलला.

“कारण मी ती गारठ्यात ठेवली होती. कारखान्यात. दोन नंबरमध्ये. सहा दिवस.”

मास्तर म्हणाले, “काय?”

“मला वाटलं, बियाण्यासारखं टिकेल. मास्तरांनी विचारलं तेव्हा कळलं. तेव्हा बोललो नाही. आता हे बंद केलं तर... गारठ्यातून निघालेली वस्तू उठायला वेळ घेते, आक्का. चारांत एखादं जिवंत असेल तर ते उशिराच येणार. दोन दिवस दे. एवढे दोन दिवस दे.”

“किती गारठा?” आक्काने विचारलं.

“तीन डिग्री.”

“तीन.” तिने तो आकडा जिभेवर धरून ठेवला. मास्तर काहीतरी म्हणायला गेले, पण तिने हाताने त्यांना थांबवलं. “कोरी निघालेली पाच. ते कडीवालं. ते काळं पडलेलं. ती सगळी तुझी?”

“सगळीच नसतील. पण असतील.”

“आणि मी म्हणाले, धक्के बसले असतील. तू तिथेच उभा होतास.”

थंडोबाने मान खाली घातली.

“बावीस दिवस तू मला या खुर्चीत बसवून अंड्यांशी बोलायला लावलंस. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडलीस तेव्हाही असाच उभा राहिला होतास. मी त्यांच्याशी भांडून आले, आणि चेंडू तुझ्या खिशात!”

तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. तिने बटणावरचा हात काढला. बटण तसंच राहिलं. मग ती वॉकर टेकत टेकत आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. दुपारी बायको तिचं ताट आत घेऊन गेली. थंडोबाने पाण्याचा पेला नेला तेव्हा आक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. “ठेव तिथे,” सुद्धा म्हणाली नाही.

मास्तर जिना उतरताना बायकोला म्हणाले, “एकतीस वर्षं काटे वाचणारा माणूस, हो!” ते वाक्य थंडोबाला ऐकू आलं आणि ते त्याने खरं म्हणून घेतलं.

तेविसाव्या दिवशी सकाळी सहाला तो नेहमीप्रमाणे चष्म्याशिवाय पेटीजवळ गेला, थर्मामीटर बघितला आणि परत फिरणार तोच त्याला काहीतरी वेगळं दिसलं. त्याने चष्मा आणला. डाव्या कोपऱ्यातल्या अंड्याच्या जाड टोकाजवळ एक बारीक चांदणी उमटली होती. टरफल आतून टिचलं होतं.

“अगं!” त्याने हाक मारली आणि त्याचा आवाज फुटला.

बायको धावत आली. पाठोपाठ वॉकरची टकटक ऐकू आली. आक्का आली, बघितलं, खुर्ची ओढून बसली. भावाशी ती अजून बोलत नव्हती. पण आली होती. थंडोबाने कारखान्यात फोन करून रजा सांगितली. एकतीस वर्षांत इतक्या ऐनवेळी पहिल्यांदाच. पलीकडून मुकादम म्हणाला, “सुटका झाली का? काय झालं, मुलगा की मुलगी?”

दहा वाजले. चांदणीचं भोक झालं. भोकातून एक पिवळट टोक दिसलं, चोच. ती उघडमीट करत होती. एक चिवचिव ऐकू आली, इतकी बारीक की तिघांनी एकमेकांकडे बघून खात्री केली. मग सगळं थांबलं.

अकरा. बारा. चोच हलेना. भोक मोठं होईना.

“अहो, थकलं असेल का?” बायकोने विचारलं.

“विश्रांती घेत असेल. मास्तरांनी दिलेल्या पुस्तकात लिहिलंय.” तो बोलला खरा, पण पुस्तकातली ओळ त्याने सकाळपासून चारदा वाचली होती आणि दरवेळी ती जास्त पुसट वाटत होती.

एक वाजता आक्का त्या दिवसातलं पहिलं वाक्य त्याच्याशी बोलली.

“झाकण उघड.”

“नाही, आक्का.”

“माझ्या हाताने मी किती पिल्लं सोडवलीत! कोंबडीच्या पोटाखालून काढून, टरफल सोलून. उघड म्हणते ना! पोर आत गुदमरतंय.”

“कोंबडीच्या पोटाखाली ओल असते. इथे झाकण उघडलं की ओल जाईल. पापुद्रा सुकेल. दुसरी तिघं आहेत अजून.”

“तुला काय कळतं रे?” आता तिचा आवाज चढला. “काल सांगितलंस ना, तुला काय कळतं ते! सहा दिवस बर्फात घातलीस आणि आता मला शिकवतोस?”

ती उठू लागली. वॉकर घसरला, बायकोने तिला सावरलं. थंडोबा पेटीच्या आणि तिच्यामध्ये येऊन उभा राहिला.  मालकापुढे स्टूल टाकून बसणं सोपं होतं. तेव्हा तो बरोबर होता हे त्याला माहीत होतं. आता काहीच माहीत नव्हतं. एकदा इतका चुकलेला माणूस दुसऱ्यांदाही तितक्याच खात्रीने चुकत असू शकतो.

“आक्का, तू मला मार. नंतर वाटेल ते कर. पण हे झाकण आज उघडणार नाही.”

“आणि ते मेलं तर?”

“तर तेही माझ्यावर लिही.”

आक्काने त्याच्याकडे असं बघितलं, जसं सात वर्षांच्या पोराकडे बघायची. मग खुर्चीत बसली.  तो पाटावर बसला, पाठ पेटीला टेकून, म्हणजे आत बघायचा मोह नको. आता तिघांतली एकटी आक्काच काचेकडे तोंड करून होती, आणि थंडोबा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिच्या चेहऱ्यावर काही हललं तर आत काही हललं असं तो समजणार होता.

दोन. तीन. बायकोने चहा दिला, तो गार झाला. चार वाजून गेले. आक्काच्या भुवया एकदम वर गेल्या.

“फिरतंय,” ती म्हणाली. “आतून फिरतंय. चीर गोल जातेय.”

त्याने वळून बघितलं नाही. 

“टोपी निघाली... अर्धी निघाली... पाय मारतंय. मार बाळा. मार अजून. हां... हां... आलं!”

मागे जाळीवर काहीतरी धप्पकन आपटलं. थंडोबाने तोंड दोन्ही तळव्यांत लपवलं. तळवे गार होते आणि चेहरा ओला.

पिल्लू त्या दिवशी आतच राहिलं, सुकेपर्यंत. संध्याकाळी उशिरा दुसऱ्या अंड्यावर चांदणी उमटली आणि सकाळपर्यंत तेही बाहेर आलं होतं. उरलेली दोन तशीच राहिली. मास्तर वर आले, चोवीस म्हणजे चोवीस, असं स्वतःशीच पुटपुटले आणि ती दोन अंडी कागदात बांधून खाली घेऊन गेले.

झाकण थंडोबाने काढलं. आतली उबदार, दमट हवा तोंडावर आली. दोन पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती, पाठीवर तपकिरी पट्टे, डोक्यावर बारीक काळे ठिपके. मादी की नर, ते अजून दोन महिने तरी कळणार नव्हतं. दोन्ही नर निघाले तर ठिपकी संपलीच. हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

त्याने उचलायला हात आत नेला.

“थांब!” आक्का म्हणाली. “तुझे हात गार आहेत.”

तो थांबला. हात तसेच पेटीच्या काठावर राहिले.

“आधी चोळ.”

त्याने हात चोळायला सुरुवात केली. आक्काने स्वतःचा पदर ओंजळीत पसरला आणि वाट बघत राहिली.

“अजून,” ती म्हणाली. “अजून चोळ. एवढ्याने काय होतंय तुझ्या हातांना.”

तो चोळत राहिला, बराच वेळ, कातडं लाल होईपर्यंत. मग तिने त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि त्याचा तळवा आपल्या गालाला लावून बघितला.

“हां,” ती म्हणाली. “आता उचल.”